बाउहाउसच्या वसतिगृहात बाबांबरोबर दोन रात्री

जर्मनीतल्या डेसाउ स्टेशनच्या पश्चिमेच्या दाराने बाहेर पडलं की दहा मिनिटांच्या आत बाउहाउस येतं, म्हणजे १९२० च्या दशकात गाजलेल्या डिझाइनच्या शाळेची इमारत. मी या गावात दोन वर्षं डिझाइनचं मास्टर्स करते आहे. सायकलवरून रोज त्या काचेच्या भिंतीसमोरून जाते, पावसात तिच्या आडोशाला उभी राहते, तिथल्या पायऱ्यांवर बसून डबाही खाल्ला आहे. पण आत राहायला गेले ती मे २०२५ मध्ये, बाबा माझ्या थिसिसच्या सादरीकरणाला आले तेव्हा. त्या दोन रात्रींबद्दल लिहायचं आहे, कारण इथे राहता येतं हेच आपल्याकडच्या बऱ्याच डिझाइनच्या मुलांना ठाऊक नसतं.

बाउहाउसच्या इमारतीचा एक भाग म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. सगळे त्याला प्रेलरहाउस म्हणतात. शाळा वायमारला होती तेव्हा विद्यार्थी ज्या स्टुडिओ-इमारतीत राहायचे तिचं ते नाव; १९२५ मध्ये शाळा डेसाउला हलली आणि पोरांनी नावही बरोबर आणलं. चार मजल्यांवर मिळून अठ्ठावीस खोल्या. आज ही वास्तू बाउहाउस डेसाउ फाउंडेशनकडे आहे आणि त्यातल्या खोल्या रात्रीपुरत्या भाड्याने मिळतात. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत १९९६ पासून असलेल्या इमारतीत आपल्याला खोलीची किल्ली मिळते.

दर खोलीप्रमाणे बदलतो, म्हणून नेमका आकडा सांगत नाही, माझा हिशेब सांगते. मी तेव्हा शनिवारी बेकरीच्या काउंटरवर उभी असायचे, तासाला १२.८२ युरो, म्हणजे इथलं २०२५ चं किमान वेतन. एका खोलीची एक रात्र म्हणजे माझे पाच तासांहून थोडे जास्त. दोन खोल्या, दोन रात्री. वीस तासांच्या वर गेलं. विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चासाठी जर्मन सरकार २०२५ मध्ये ९९२ युरो धरत होतं, त्यातून हे पैसे बाजूला काढायला मला फेब्रुवारीपासून लागले. बाबांना मी दर सांगितला नाही. त्यांनी विचारलाही नाही, पण पहिल्या दिवशी दोनदा म्हणाले, ‘तुझ्या खोलीवर जमिनीवर गादी टाकून झोपलो असतो की.’

बाबांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, शटर, जिन्याचे कठडे, शाळांचे बाक. सहा वर्षं मी डिझाइन शिकते आहे, चार तिकडे आणि दोन इथे, आणि त्या सहा वर्षांत ‘डिझाइन म्हणजे नेमकं काय गं?’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. फी भरत राहिले, कर्जाच्या कागदांवर सह्या करत राहिले. मलाही नीट सांगता आलं नसतं. मी सांगायला लागले की तोंडात पुस्तकातले शब्द यायचे आणि बाबा मान हलवायचे. म्हणून त्यांना संग्रहालयाऐवजी इथे आणायचं ठरवलं. वाटलं, लोखंड आणि काच ते माझ्यापेक्षा चांगलं वाचतात.

खोलीत शिरल्या शिरल्या बाबा खिडकीपाशी गेले. पिशवी अजून खांद्यावरच होती. भिंतभर मोठी खिडकी, पोलादी चौकट, बारीक पट्ट्या. त्यांनी पट्टीवर नख फिरवलं, कोपऱ्यातला जोड बघितला, खिडकी उघडून परत लावली, पुन्हा उघडली. ‘एवढी काच आणि एवढीशी पट्टी,’ म्हणाले. मग पिशवीतून टेप काढली. पाच मीटरची, पिवळी, घरून सामानातून आणलेली. विमानतळावर कोणी अडवलं नाही याचंच मला नवल वाटलं.

मग खोली मोजली. कोनाड्यासारख्या जागेत बसवलेला पलंग, भिंतीत मुरवलेलं कपाट, हात धुवायचं बेसिन, टेबल, खुर्ची, बस. बाबांच्या हिशेबाने सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास. ‘आपलं चाळीतलं घर सगळं मिळून एवढंच होतं,’ ते म्हणाले, ‘पण ही मोठी वाटते.’ का मोठी वाटते यावर आम्ही तिथेच पलंगावर बसून अर्धा तास बोललो. पलंग आत सरकवलेला आहे म्हणून मधली जमीन मोकळी राहते. कपाट भिंतीतच असल्यामुळे कुठे कोपरा आडवा येत नाही. खिडकी टेबलाच्या उंचीपासून वर जाते, म्हणून उजेड थेट कामावर पडतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी ते बाबांच्या तोंडून, एकेक वस्तूला हात लावत ऐकलं.

डेसाउत मी पहिले सात महिने तळघरातल्या एका खोलीत काढले होते, छताजवळ हातभर रुंद खिडकी असलेल्या. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो हे मला त्या खिडकीतून कधी कळलंच नाही, कारण तिथे सकाळीही तसाच अंधार असायचा. घरमालकाने अनामत रक्कम अखेर परत दिली नाही ती नाहीच. ते दिवस घरी कोणाला सांगितले नव्हते. प्रेलरहाउसच्या खिडकीत बसून बाबांना सांगितले. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी विद्यार्थ्याच्या खोलीसाठी एवढा उजेड लागतो असं धरून चाललं होतं, हे मला तिथे फार जाणवलं.

इथे फक्त विद्यार्थीच नव्हे, तरुण शिक्षकही राहायचे. योसेफ आल्बर्स राहिले, गुंटा श्टोल्झल राहिल्या, मारियान ब्रांट राहिल्या. काही खोल्या अशा रहिवाशांच्या आठवणीत मांडलेल्या आहेत. आम्हाला साध्या खोल्या मिळाल्या आणि मला त्याच बऱ्या वाटल्या, कारण वापरताना जपून राहावं लागलं नाही.

ब्रांटबद्दल मात्र बाबांशी बोलायचंच होतं. १९२८-२९ च्या हिवाळ्यातला तिचा एक फोटो आहे: स्टुडिओत चकचकीत धातूचे गोळे टांगलेले आणि त्यांत ती आणि तिचा कॅमेरा उमटलेले. तो मी बाबांना दाखवला. बाउहाउसमध्ये आलेल्या बहुतेक मुलींना विणकामाच्या वर्कशॉपकडे वळवलं जायचं. ब्रांट धातूच्या वर्कशॉपमध्ये गेली. सुरुवातीला आपल्याला कंटाळवाणी, तीच ती ठोकाठोकीची कामं दिली जायची, असं तिने पुढे लिहून ठेवलं आहे. १९२८ मध्ये तीच त्या वर्कशॉपची जबाबदारी सांभाळायला लागली, आणि लाइपझिगच्या कारखान्यासाठी तिने केलेले कांडेम दिवे घरोघरी गेले. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा होल्डर दादाच्या हातात दिला गेला आणि मला बिलं लिहायला बसवलं गेलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘इथे शिकलीस का वेल्डिंग?’

‘हो. टिग.’

‘बीड सरळ येते?’

बीड म्हणजे वेल्डिंगची रेघ. मी फोनवर फोटो दाखवला, थिसिससाठी केलेल्या फ्रेमचा. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर सरकवला. ‘इथे अँपिअर जास्त झालाय. बाकी चांगली आहे.’ आजवर मला मिळालेल्या सगळ्या ग्रेडपेक्षा ते वाक्य मोठं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही इमारतीची मार्गदर्शकासह होणारी फेरी घेतली. इथे राहणाऱ्याने ती घ्यावीच, कारण नुसत्या किल्लीने सगळीकडे जाता येत नाही. सभागृहात मार्सेल ब्रॉयरच्या, म्हणजे बाउहाउसमध्येच शिकून पुढे तिथे शिकवणाऱ्या डिझाइनरच्या, नळीच्या खुर्च्यांच्या रांगा आहेत. बाबांचा जीव तिथे अडकला. ब्रॉयरने १९२५ च्या सुमारास पोलादी नळी वाकवून फर्निचर करायला घेतलं. कल्पना सायकलच्या हँडलवरून सुचली असं तो सांगायचा. डेसाउमध्ये तेव्हा युंकर्सचा विमानांचा कारखाना होता, तिथल्या एका कारागिराच्या मदतीने त्याने पहिले नमुने जुळवले. ‘म्हणजे फिटर होताच बरोबर,’ बाबा मला हळूच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्या इमारतीत स्वतःच्या घरी आल्यासारखा भाव आला.

ब्रॉयरचं एक स्टूल मला फार आवडतं: नळीची एकच अखंड वळणावळणाची रेघ आणि वर लाकडी फळी. जेवणघरात हीच स्टुलं असायची. बाबांना एकावर बसायला मिळालं. बसण्याआधी त्यांनी ते उलटं केलं. ‘जोड कुठे घेतलाय?’ अंगठ्याने नळी मापली, वळणावर बोट फिरवून चपटी झालीय का बघितलं. बिनजोडाची नळी हा जर्मन शोध, मानेसमान बंधूंचा, १८८० च्या दशकातला. शिवणीची नळी असं लहान वळण घेताना शिवणीवर फाटू शकते, हे बाबांनी मला समजावलं. माझ्या डिझाइनच्या इतिहासाच्या पेपरात ही गोष्ट यायला हवी होती.

आणि खिडक्या. वर्कशॉपच्या बाजूची ती प्रसिद्ध काचेची भिंत आतून बघा. साखळीला जोडलेलं हातचाक फिरवलं की खिडक्यांची अख्खी रांग एकदम कलते. बाबांनी वहीत आकृती काढली: चाक, साखळी, दांडा, बिजागरी. मार्गदर्शक बाई थांबून बघायला लागल्या. इंग्रजीत म्हणाल्या की त्यांच्या फेरीत कोणी ही आकृती काढत नाही, सगळे फोटो काढतात. मी भाषांतर करून सांगितलं, तर बाबा लाजले.

काचेच्या या भिंतीची दुसरी बाजूही आहे, ती फेरीत सांगितलीही जाते. एकेरी काच, त्यामुळे उन्हाळ्यात आत भट्टी आणि हिवाळ्यात गारठा. विद्यार्थ्यांनी दोन्ही सोसलं. मार्च १९४५ च्या बॉम्बफेकीत भिंत गेली. युद्धानंतर तिथे तात्पुरत्या भिंती उभ्या राहिल्या आणि काच परत आली ती थेट १९७६ मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात. शाळा तर त्याआधीच गेली होती. नाझींच्या प्रभावाखालच्या नगरपालिकेने १९३२ मध्ये ती बंद केली, बर्लिनमध्ये आणखी काही महिने चालली आणि १९३३ मध्ये संपली. डेसाउत सगळी मिळून सात वर्षं. ‘सातच?’ बाबांनी विचारलं. मला वाटतं, सबंध फेरीत त्यांना सर्वांत जास्त धक्का याचा बसला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, की मग हे आपल्यापर्यंत कसं पोचलं? ते मला सांगता आलं, आणि पहिल्यांदा पुस्तकी न वाटता सांगता आलं. १९२७ मध्ये माक्स बिल नावाचा एक स्विस तरुण इथे शिकायला आला. त्याने पुढे १९५३ मध्ये इतरांबरोबर जर्मनीतल्याच उल्मला डिझाइनची शाळा काढली. जे.जे.मधून शिकलेले सुधाकर नाडकर्णी १९६० च्या दशकात त्या उल्मला गेले आणि परत येऊन आयआयटी मुंबईतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र उभं करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. मला पहिल्या वर्षी कागदाच्या घड्या घालायला लावणारे सर त्याच आयडीसीचे. आणि कागदाच्या घड्यांचा तो धडा इथला, आल्बर्स पहिल्या वर्षाच्या मुलांना द्यायचे तो: फक्त कागद, चिकटवायचं नाही, वाया घालवायचं नाही. बाबांना तो पसारा आठवत होता. आमच्या स्वयंपाकघरात महिनाभर वर्तमानपत्रांच्या घड्या पडल्या होत्या आणि आई ओरडत होती.

‘आणि आपल्याकडचं काही इकडे?’ त्यांनी विचारलं. तेव्हा मी त्यांना १९२२ च्या डिसेंबरमधलं कलकत्त्याचं प्रदर्शन सांगितलं: क्ले, कांडिन्स्की, इटेन या तिथे शिकवणाऱ्या चित्रकारांची कामं बाउहाउसमधून जहाजाने आली आणि गगनेंद्रनाथ, सुनयनी देवी यांच्या चित्रांबरोबर एकाच प्रदर्शनात लागली. शाळा तेव्हा अजून वायमारलाच होती, ही इमारत उभीही नव्हती. हे ऐकून बाबा म्हणाले, ‘म्हणजे माल आधी आपल्याकडे पोचला.’

आता राहण्याच्या गोष्टी, कारण ज्यांना यायचं आहे त्यांना त्याच हव्या असतील. शौचालय आणि शॉवर मजल्यावर सामायिक आहेत. खोलीत बेसिन आहे एवढंच. हे वसतिगृह होतं आणि तसंच ठेवलं आहे, तेव्हा टॉवेल खांद्यावर टाकून बोळातून जायची तयारी ठेवा. बाबांना यात काही विशेष वाटलं नाही, चाळीत आयुष्य गेलं. ज्यांना हॉटेल हवं आहे त्यांनी गावात हॉटेल घ्यावं, उगाच इथे येऊन कुरकुर करू नये. बोळात पावलांचा आवाज घुमतो. रात्री दहानंतर मात्र इतकी शांतता होती की मला झोप लागायला वेळ लागला.

खोली मागताना पूर्वेची मागा. पूर्वेच्या दर्शनी बाजूला त्या छोट्या बाल्कन्या आहेत, ज्या सगळ्या फोटोंत दिसतात. मी ती खोली बाबांना दिली. मे महिन्यात सूर्य सव्वापाचच्या सुमाराला वर येतो, आणि बाबांना तर तशीही पाचला जाग येते. मी सहाला दार वाजवलं तर ते बाल्कनीत उभे होते, बनियन आणि शाल, हातात टेप. कठड्याची उंची घेत होते. ‘नळीच्या दोन आडव्या ओळी, बाकी काही नाही,’ म्हणाले. ‘आपल्याकडे नगरपालिका पास करणार नाही. पण दिसतं सुंदर.’ बाल्कनी इतकी लहान आहे की दोघांना उभं राहताना एकाला दारात थांबावं लागतं. मी दारात थांबले.

गावात बघायला अजून बरंच आहे. मास्टर्सची, म्हणजे बाउहाउसच्या शिक्षकांची, घरं चालत गाठता येतात. बॉम्बमध्ये गेलेल्या दोन घरांच्या जागी २०१४ मध्ये उभारलेल्या नव्या इमारती बाबांना अजिबात पटल्या नाहीत, मला पटतात, आणि आमचं त्यावर अजून एकमत नाही. एल्बे नदीवर कार्ल फीगरचं कोर्नहाउस आहे, १९३० चं, त्याच्या अर्धगोल काचेच्या सज्जात बसून कॉफी घ्या. सगळ्यांत महत्त्वाचं, ट्राम पकडून ट्योर्टेनला जा आणि हानेस मायरने विद्यार्थ्यांबरोबर बांधलेल्या पाच इमारती बघा. बाउहाउसचे संस्थापक ग्रोपिउस यांच्यानंतर तिथला संचालक झालेला हा माणूस कामगारांच्या घरांबद्दल फार तळमळीने बोलायचा. एकूण नव्वद घरं, प्रत्येक साधारण अठ्ठेचाळीस चौरस मीटर, बाहेरून लांब सामायिक गॅलरी. बाबा रस्त्यावरच थांबले आणि हसले. ‘ही तर चाळ!’ लोक आजही तिथे राहतात. एक आजी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती, तिने आम्हाला हात केला.

रविवारी येणार असाल तर शनिवारीच खायचं घेऊन ठेवा, दुकानं बंद असतात. आम्ही पाव, चीज आणि आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी खिडकीतल्या टेबलावर मांडून खाल्ली. रात्री नऊला बाहेर अजून उजेड होता. नंतर अंधार पडल्यावर बाहेर येऊन वर्कशॉपच्या बाजूला एकदा उभे राहा. आत दिवे असले तर सगळी इमारत कंदिलासारखी दिसते. ४ डिसेंबर १९२६ ला उद्घाटनाला हजारावर पाहुणे आले होते, त्या रात्री ती अशीच दिसली असेल. ४ डिसेंबर २०२६ ही त्याची शंभरी, तेव्हाची खोली हवी असेल तर फार आधी मागावी लागेल.

विद्यार्थ्याने एवढे पैसे घालावेत का, असं मला वर्गातल्या दोन मुलींनी विचारलं. एकटीने यायचं असेल तर एक रात्र पुरे. आणि कोणाला तरी बरोबर आणायचं असेल तर असं माणूस आणा जे हाताने काम करतं. सुतार मामा, शिवणकाम करणारी आई, गवंडी काका, कोणीही. आर्किटेक्ट मित्राबरोबर मी ही इमारत चार वेळा पाहिली होती आणि बिजागरी एकदाही पाहिली नव्हती.

बाबा परत गेले त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्या हिशेबाच्या वहीत, सिमेंटच्या आणि पाइपच्या भावांच्या मध्ये, प्रेलरहाउसची दोन पानं आहेत: खिडकी, पलंग, कठडा, स्टूल, सगळं मिलीमीटरमध्ये. मी तीनदा म्हटलं, ‘बाबा, फोटो काढून पाठवा ना.’ ते म्हणतात, आधी स्टूल होऊ दे. बेंडिंगला दोन नळ्या वाया गेल्यात, तिसरीत वाळू भरून बघणार आहेत.